चौथी ओळ

खुशालराव वकिलांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि शाईची गादी उघडली.

"इथं खाली. अंगठा."

पार्बताबाई उभीच होती. इतवारा बाजारात मेथी-कोथिंबीर विकून ती तशीच कायदा कॉलेजात आली होती. बाहेर मांडवात अकोल्या-अमरावतीचे वकील चहा पीत होते. सगळे याच कॉलेजात शिकलेले. त्यांनीच वर्गणी काढून गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी उभा केला होता, आणि खुशालराव त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते. यंदा निधी तिच्या गोवर्धनला मिळायचा होता. शेवटच्या वर्षाची फी आज संध्याकाळपर्यंत भरली नाही, तर त्याचं नाव कटणार होतं.

"काय लिहेल हाय यात?" तिने विचारलं.

"तुझ्या पोराच्या फायद्याचंच आहे, बाई. लाव."

"ते खरं. पन लिहेल काय हाय?"

खुशालराव हसले. शेजारी उभ्या कारकुनाला म्हणाले, "पाहिलं, नत्थुजी? पोरगा वकील व्हायच्या आधी माय झाली."

नत्थुजीही हसला. आईमागे उभ्या गोवर्धनचे कान लाल झाले. त्याने कागद उचलला. "मी वाचतो, माय."

त्याने भराभर वाचलं. विद्यार्थ्याचं नाव आणि गाव वलगाव. वडील वारल्याचं साल. मागच्या परीक्षेतले गुण. मंडळाचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

"झालं, माय. लाव आता."

पार्बताबाईला अक्षर येत नव्हतं. मोजता येत होतं. तिने कागद खाली ठेवायला लावला आणि वरून खाली बोट फिरवलं. मग परत एकदा फिरवलं.

"ओळी पाच हायेत. तू चार वाचल्या."

नत्थुजीने वाकून ओळी मोजल्या.

"कोनती सोडली?" तिने गोवर्धनला विचारलं.

"चौथी. काही नाही माय त्याच्यात. रिवाजाचं असते."

"वाच."

"माय, उशीर होऊन राहिला..."

"वाच म्हनलं ना तुले."

गोवर्धनने तोंडातल्या तोंडात वाचलं.

"मोठ्यानं."

"विद्यार्थ्याच्या घरी कमावते माणूस नाही."

पार्बताबाईने खुशालरावांकडे पाहिलं.

"मंग मी कोन होय, वकीलसाहेब?"

"तसं नाही, बाई. कमावतं माणूस म्हणजे पुरुष. निधी निराधार पोरांसाठी आहे, ही ओळ नसली तर कागद मंजूर होत नाही. तू चार जुड्या भाजी विकतेस, ते काही कोणी कमाईत धरत नाही."

"नाही धरत?" ती म्हणाली. "याची आतालोकची फी कोनी भरली? हा अंगावरचा कोट कोनी शिवला? कोंबडा आरवाच्या आधी मोटीले बैल जुपते, डोक्यावर पाटी घेऊन वलगावहून पायी येते, ते काय गंमत म्हनून करून राहिली मी? औंदा विहिरीचं पानी तुटलं म्हनून तुमच्या दारी आली. नाही तं आली नसती."

"आवाज चढवू नकोस."

तिने तो चढवला नव्हता.

गोवर्धन जवळ सरकून कुजबुजला, "माय, एकच ओळ हाय."

"हो, एकच हाय. अन् तीच माह्यी हाय. तीच गाळली तू."

तो खाली पाहू लागला.

"मले रिद्धपूरच्या महानुभावाचा उपदेश हाय," ती म्हणाली. "शिळ्या मेथीले ताजी म्हनत नाही मी गिऱ्हाइकापाशी. अन् हे खोटं लिहून घेता माह्याकून, तेबी वकिलाच्या शाळेत?" मग तिने खुशालरावांना विचारलं, "कोर्टात खोट्या कागदावर अंगठा लावला तं काय होते?"

खुशालरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

"तू सांग," ती गोवर्धनला म्हणाली. "तू तं शिकून राहिला ना."

"सजा होते."

खुशालरावांनी घड्याळ फटकन मिटलं. "हे बघ गोवर्धन, मंडळाकडे वीस-पंचवीस अर्ज पडले आहेत. आईला समजावून सांग, नाहीतर मी दुसऱ्याचं नाव घालतो. मग फी कुठून भरायची ते तुझं तू बघ."



पार्बताबाईने हात पुढे केला आणि शाईच्या गादीवर अंगठा दाबला. नत्थुजीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागदाच्या तळाशी जागा दाखवली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यातला 'नाही' कोनता?"

गोवर्धनने मान वर केली.

"गोवर्धन," खुशालराव म्हणाले. एवढंच म्हणाले.

गोवर्धनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग चौथ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"हात काढ."

त्याने हात काढला, आणि पार्बताबाईने नेमका तिथे अंगठा टेकला. अंगातलं सगळं वजन टाकून दाबला.

"अहो, कागद बाद केला हिनं!" नत्थुजी ओरडला. खुशालराव खुर्ची मागे लोटून उभे राहिले.

पार्बताबाईने अंगठा उचलला.

"वाच आता."

गोवर्धनने कागद दोन्ही हातांत धरला. या वेळी मांडवापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

"विद्यार्थ्याच्या घरी कमावते माणूस..."

पुढे फक्त अंगठा होता.