खापर

"प्रेसचा सेफ्टी गार्ड तू काढलास, एवढंच सांगायचं. सुट्टी संपली की इन्स्पेक्टर येतोय," मालक अभिजीत म्हणाला.

दत्ता प्रेसला झेंडूचा हार घालत होता. आज आयुधपूजा, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या शेडमधली यंत्रं बंद. पाने-हातोडे धुऊन, हळद लावून मांडले होते. कुंकू संपलं म्हणून ऑफिसातली रक्षिता बाहेर गेली होती. बाकीचे कामगार गेटवर ढोलवाल्यांची वाट बघत होते.

"काढायला तुम्हीच सांगितलंत, साहेब. माल लवकर निघावा म्हणून."

"मग मी तुरुंगात जाऊ? खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं."

याच प्रेसने महिन्यापूर्वी रोशनच्या उजव्या हाताची बोटं चिरडली होती. ती पत्र्यावरून खरवडून काढली दत्ताने. मालक तेव्हा पुण्यात लग्नाच्या पंगतीला बसला होता. आणि आता तुरुंगात जायचं दत्ताने, पोरींना वाऱ्यावर सोडून. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही.

"खापर म्हणजे नेमकं काय हो? निपाणीला आमची आई खापरावर पोळ्या भाजायची."

अभिजीतला शिकवायची भारी हौस. "तेच ते. फुटक्या मडक्याचा तुकडा. मडकं कुणी का फोडेना, तुकडा ज्याच्या हातात सापडेल तो चोर. दोषाचा अर्थ त्यातूनच आला असावा, असं आपलं मला वाटतं."

"म्हणजे हातात काय सापडतं, त्यावर सगळं."

"बरोब्बर." अभिजीत वाकून हार सरळ करू लागला.

दत्ता कोहळा उचलायला वळला. आत कुंकू कालवून गेटवर फोडायचा म्हणून वरची चकती कापलेला कोहळा हातोड्याशेजारीच ठेवला होता.

दत्ता कोहळा घेऊन गेटवर आला तेव्हा ढोल घुमत होते. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"अण्णा, कुंकू स्वल्प जास्तच कालवलंत की," गळ्यात हात अडकवलेला रोशन हसून म्हणाला. "साहेब कुठायत?"

"आत आहेत. चला, फोडून टाकू."

दत्ताने कोहळा डोक्यावर उचलला आणि धाडकन रस्त्यावर आपटला. लाल शिंतोडे भिंतीवर, लोकांच्या पायांवर उडाले. एकच जल्लोष झाला. रोशनने डाव्या हाताने थोडा लाल गर उचलला आणि डोळे मिटून कपाळाला लावला.

तेवढ्यात गेटशी ऑटो थांबली. रक्षिता पुडा सांभाळत, धापा टाकत उतरली.

"सॉरी अण्णा, पार यशवंतपूरपर्यंत जावं लागलं. हे घ्या कुंकू."