उसनी खिडकी

"खिडकी कोणाची होती?" कंपनीच्या वकिलाने तिसऱ्यांदा विचारलं.

जमीन कचेरीत, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर, इंगा ट्वेट बाकावर ताठ बसली होती.

सरकारी जमीन नावावर व्हायची तर पाच वर्षं तिच्यावर राहायचं आणि घराला काचेची खिडकी आहे अशी शपथ घ्यायची. राजधानीत गालिच्यावर बसून कुणीतरी ठरवलेलं. इथे मातीच्या ढेकळांची घरं, काच कुठली परवडायला! इंगाने पाच हिवाळे काढले, नवरा त्याच मातीत पुरला. शपथेच्या दिवशी खिडकी उसनी आणली, दुसऱ्या दिवशी परत केली. आता गुरांच्या कंपनीला तिच्या रानातला झरा हवा होता. म्हणून कंपनीला एकाएकी खिडकीचा पुळका आला होता.

"कोणी दिली ते सांगा, नाहीतर जमीन जाईल."

"जाऊ दे. नाही सांगत."

मागच्या बाकावर राज्याचा गव्हर्नर बसला होता, लेम्युएल स्ट्रेक. इंगाचा जुना शेजारी. बाई सज्जन आहे, एवढी साक्ष द्यायची आणि निघायचं, असं ठरलं होतं. मंगळवारी मतदान होतं, आणि तो पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभा होता.

तो उठला. "माझी होती."

"अरे लेम, खाली बस!" इंगा ओरडली. "तुला कुणी विचारलंय का?"

"ओहायोहून भुश्शात गुंडाळून आणली होती. तिच्यावर पहिली शपथ मी घेतली. मग खोऱ्यातल्या एकोणीस घरांनी. खोटी म्हणायची तर सगळ्यांची म्हणा. पहिलं नाव माझं लिहा."

वकील हसला. "गव्हर्नरसाहेब, हे उद्या पेपरात येईल."

"येऊ दे. तुमच्या कंपनीने गुराख्यांच्या नावावर तीस जमिनी घेतल्यात, तेही येऊ दे. त्या प्रत्येक जमिनीवर घर बारा बाय चौदा, अशी शपथ आहे. फूट की इंच, ते लिहिलेलं नाही. मी पाहिलीत ती घरं. कोंबडीसुद्धा मावत नाही त्यांत. चला, आत्ता मोजू."

वकिलाने कागद गोळा केले. "कंपनी हरकत मागे घेते," तो पुटपुटला.

जमीन अधिकारी खाकरला. "मिसेस ट्वेट, पाच हिवाळे तिथेच राहिलात?"

"मग काय हॉटेलात?"

त्याने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर इंगा म्हणाली, "निवडणूक गेली तुझी, मूर्खा."

"बहुतेक."

"मग वसंतात ये. नांगर धरायला माणूस हवाय. जेवणखाण माझं."

गव्हर्नरने तळहात उलगडून पाहिले. "मऊ पडलेत गं."

"पहिला आठवडा फोड येतील," इंगा म्हणाली. "मग हाताला आपोआप आठवतं."