ताटातलं नाव

भोरच्या शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी प्रत्येकीला स्वतःचं नाव चितारायला लावलं, तेव्हापासून बनानं आपली दोन अक्षरं घोटून घोटून देखणी केली होती. आता विंझरला सासरी आल्या आल्या तिची 'पार्वती' होणार होती. ताटातल्या तांदळात नवं नाव काढायला नवरदेव मानसिंगरावांनी अंगठी टेकवली आणि कोंबडीचे पाय उमटले. पाहुण्या फिदीफिदी हसल्या. वैतागून त्यांनी अंगठी बनाकडे दिली. "तूच काढ. शिकलीयास न्हवं?"

बनानं काढलं. 

"पार्वती काय झोकात आलीया!" बायका म्हणाल्या.

मानसिंगरावांनी घसा खाकरला. "आई, ही 'बना' लिवलीया. मोडू का?"

"खबरदार मोडलंस तर!" सासूबाई ताटाशी सरकल्या. "पोरी, शेजारी माझं बी काढ. म्हायेरी म्या ठकू हुते."