दहाव्याचे केस

खांदेश्वरच्या हेअर क्लिनिकमध्ये क्षिप्रा दिवसभर त्याच प्रश्नांना तीच उत्तरं द्यायची. दुखतं का? फारसं नाही. केस कोणाचे? तुमचेच, डोक्याच्या मागचे. लावलेले गळतात का? गळतात, मग परत येतात.

संध्याकाळी सुयश आला. गेल्याच महिन्यात त्याचं ट्रान्सप्लांट झालं होतं. डोळे झोप न झाल्यासारखे.

"मॅडम, गळतायत."

"नॉर्मल आहे सर. टेन्शन नका घेऊ."

त्याने टोपी काढली. कपाळापासून अर्धं डोकं गुळगुळीत होतं.

"वस्तरा लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"लावलाच नाही. मधे बाबा गेले, तर दहाव्यालासुद्धा केस काढले नाहीत. तुम्हीच फोनवर नको म्हणालात."

"मग हे कोणी केलं?"

"रोज थोडं थोडं होतं."

क्षिप्रा उठून वाकली. उरलेले केस ओले होते. त्याच्या हातातली टोपी मात्र कोरडी होती.

सुयशने न सांगता मान खाली घातली, न्हाव्यापुढे घालतात तशी.

"आटपा एकदाचं," तो दमून म्हणाला. तिला नाही.

खर्रकन आवाज झाला आणि कानामागची एक ओली बट टेबलावर पडली.