चार वायरींची परीक्षा

"निळी वायर कुठे जाते ते आधी सांगा," डॉक्टर त्र्यंबक साठये म्हणाले. "मग हात लावा."

प्रसन्न पिकअपच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. डॉक्टरांना ते पायही फारसे पसंत पडले नव्हते.

"निळी मागे, कॅम्परच्या ब्रेकला," पायांकडून उत्तर आलं. "काळी बॅटरीला, पांढरी ग्राउंडला. लाल पेडलच्या स्विचला. आपण ब्रेक दाबला की कंट्रोलरला कळतं, आणि तो कॅम्परचेही ब्रेक लावतो."

"पाठांतर चांगलं आहे."

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधली मे महिन्यातली दुपार होती. डॉक्टर गराजच्या सावलीत फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते. समोर ड्राइव्हवेवर पिकअप, आणि तिच्या मागे दोन वर्षं जागचा न हललेला सतरा फुटी कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. ग्रँड कॅन्यन बघायला म्हणून घेतलेल्या त्या कॅम्परने आजवर शेजाऱ्यांच्या तक्रारींखेरीज काही पाहिलं नव्हतं. ब्रेक कंट्रोलर बसवल्याशिवाय तो ओढणं धोक्याचं होतं. आणि कंट्रोलर कोण बसवणार, हे डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं: त्यांच्या मुलीशी, विनीताशी, जो लग्न करणार, तो.

पत्रिका त्यांना थोतांड वाटे, हुंडा रानटी. पण मुलाची पारख झालीच पाहिजे. भूल देण्यात पंचवीस वर्षं घालवल्यामुळे माणसं जागेपणी कशी असतात, याविषयी त्यांची मतं ठाम होती.

पहिला आला कुमार. सर्जन. त्याने लाल वायर भलतीकडेच जोडली. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा. "आणि हा लोकांची पोटं उघडतो," एवढं बोलून डॉक्टरांनी विषय संपवला. दुसरा विवेक, दूरच्या कॅरी गावाहून विमानाने आलेला. त्याने माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काका, तुम्ही मेकॅनिक का नाही बोलावत?" प्रश्न योग्य होता. तोच त्याला भोवला.

दोन्ही वेळा डॉक्टरांच्या पत्नी सुलेखाबाई आत जाऊन रडल्या आणि विनीता गाडी काढून तरातरा ह्यूस्टनला निघून गेली. तिथे ती नोकरी करायची आणि सूझन नावाच्या रूममेटबरोबर राहायची. सूझनला डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रात्री दहानंतर फोन केला तरी विनीता घरीच असायची, यावरून मुलगी चांगल्या वळणाची असणार हा निष्कर्ष त्यांनी काढला होता.

हा प्रसन्न सुलेखाबाईंनी शोधून आणलेला. पाइपलाइन कंपनीत इंजिनिअर. बायकोच्या पसंतीचा एक सोफा आधीच घरात होता, त्यामुळे डॉक्टरांच्या फार अपेक्षा नव्हत्या.

आणि पोराला खरंच वळण नव्हतं. आल्या आल्या कोणाला न विचारता बाथरूममध्ये जाऊन आला. हत्यारांच्या कपाटाचा नेमका दुसरा खण उघडून त्याने पाना घेतला. पिकअपचं जे बोनेट उघडायला डॉक्टरांना तीन-तीनदा ओढावं लागे, ते त्याने कोपऱ्यावर एक बुक्की मारून उघडलं.

"दुसऱ्याची वस्तू आहे," डॉक्टर म्हणाले. "जरा सांभाळून."

"सॉरी, काका."

सुलेखाबाई दारात उभ्या होत्या. "टोपी घाल रे, ऊन लागेल," त्या म्हणाल्या. पहिल्याच भेटीत अरे-तुरे. डॉक्टरांनी मान फिरवली. वळण नसणं संसर्गजन्य असतं, असं त्यांना वाटून गेलं.

विनीता चहा घेऊन आली. कप तिने पिकअपच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "नो शुगर."

"यांना विचारलं तरी का साखरेचं?"

"बाबा, प्लीज. ही इज नॉट अप्लायिंग फॉर अ जॉब."

"जॉबला मी याला घेतलंच नसतं." डॉक्टर पायांकडे वळले. "हे जमलं नाही तर काय होणार, कल्पना आहे ना?"

"आहे, काका. लग्नाला तुमचा नकार."

"तिसऱ्यांदा नाही म्हणायला मला आवडणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे खोटं होतं.

प्रसन्नने कंट्रोलरवर एक छोटी लेव्हलपट्टी ठेवून बघितली आणि स्क्रू सैल करून तो जरासा पुढे झुकवला. "आत लंबक आहे. सपाट बसला नाही, तर कॅम्पर उगीचच ब्रेक मारत राहील."

आत लंबक असल्याचं डॉक्टरांना माहीत नव्हतं. "तेच बघत होतो, लक्षात येतंय का तुमच्या," ते म्हणाले.

चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये प्रसन्नने ताशी पंचवीस मैलांवर ब्रेक दाबला. कॅम्पर मुकाट थांबला. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं, मग स्वतः चालवून पाहिलं. कॅम्पर प्रत्येक वेळी मुकाट थांबला. उतारावरही परीक्षा घ्यायची त्यांची इच्छा होती, पण शुगर लँडमध्ये उतार नाही.

घरी परतल्यावर ते ड्राइव्हवेच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला. मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत खाकरत, तसाच.

"दोष आहेत," ते म्हणाले. "बोलणं तुटक आहे, शिष्टाचार कमी आहेत, दुसऱ्याच्या घरात वावरायची पद्धत नाही. पण हात बरा आहे. मी या लग्नाला संमती देतो."

ते थांबले. अशा वेळी कोणीतरी डोळे पुसतं, कोणीतरी वाकून नमस्कार करतं. प्रसन्न "थँक यू, काका," म्हणाला आणि हाताचं ग्रीस पुसू लागला. विनीताने आईकडे बघितलं.

"अगं, बघत काय बसलीस?" डॉक्टर सुलेखाबाईंना म्हणाले. "पोरीचं लग्न ठरलं. अख्ख्या मंडळाला पेढे वाटायला हवेत."

"वाटले की. फेब्रुवारीत, कोर्टात लग्न झालं त्याच आठवड्यात," सुलेखाबाई म्हणाल्या. "तुमचेच तेवढे राहिलेत."