लोकवस्ती विरळ

"आणखी काय हवं, सर? तुमच्या डोंगराशिवाय देशाचं पान हलत नाही, असंच छापतोय की आपण!" भूगोलाच्या संपादक बाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. सातवीच्या नव्या पुस्तकातलं ते कच्चं पान टेबलावर पडलं होतं. देशातलं निम्मं तांबं या डोंगरातून, देशभरच्या विजेच्या तारा त्याच तांब्याच्या, परकीय चलनही त्यावरच. निवृत्त मास्तरांनी एकतीस वर्षं त्याच डोंगरावरच्या शाळेत हाच धडा शिकवलेला. म्हणून तर तपासायला त्यांना बोलावलं होतं.

"एक वाक्य घाला," मास्तर म्हणाले. "तिथे माणसं राहतात. नाहीतर आम्ही कुठेच उरत नाही, बाई."

"आहे की! शेवटची ओळ बघा. लोकवस्ती विरळ."

मास्तरांना हसू फुटलं. "ही ओळ मी फळ्यावर लिहायचो ना, तेव्हा वर्गात बावन्न पोरं. एकेका बाकावर चार-चार. खाणीतल्या फोरमनची पोरगी एकदा उभी राहिली. म्हणाली, सर, विरळ म्हणजे काय हो? म्हटलं, आपण! असा खिदळला वर्ग, की हेडमास्तर धावत आले. फार आठवण येते हो त्या गोंगाटाची."

बाईही हसल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "पण सर, आता तिथे कोण राहतं?"

सगळ्यात चांगलं तांबं नेमकं शाळेखालीच निघालं होतं. शाळा उठली, वसाहत उठली. आता खड्डा आहे, आणि पाळीपुरती येणारी-जाणारी माणसं.

"मग 'राहत होती' करा," ते म्हणाले.

"भूगोलात 'होती' चालत नाही, सर. ते इतिहासवाल्यांकडे. वरच्या मजल्यावर."

गुडघे धरत मास्तर जिना चढले. इतिहासाचे संपादक भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, वही उघडली.

"हं, सांगा सर. काय घडलं होतं तिथे? लढाई? तह? उठाव?"

मास्तरांनी पुष्कळ आठवून बघितलं.

"छे हो, तसलं काही नाही," ते म्हणाले. "शाळा भरायची."