एकटक

“तान्ह्याकडं एकटक बघू नये गं पोरी, दृष्ट लागते,” पाळणा हलवत आत्या म्हणायची. तो आवाज आज केतकीला प्रयोगशाळेत ऐकू आला.

सोन्याच्या पत्र्यावरच्या एका ठिपक्यातून इलेक्ट्रॉन इतर जागांपेक्षा कमी ऊर्जेत बाहेर पडत होते, माहेराला निघालेल्या लेकींसारखे. सरांनी महिनाभर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत रोखून तोच ठिपका मोजला होता. उद्या ते निवृत्त होणार. आज शोधनिबंध जाणार.

“कंदी पेढे आण हं,” सर हसले. “जाता जाता गवसलं बघ!”

 सकाळी केतकीनं कोऱ्या जागी झोत रोखला, तर तिथंही झोतानं जाळलेल्या मळाची काजळी धरली आणि तस्साच ठिपका उमटला.

सरांचं बोट ‘पाठवा’वर टेकणार, तोच तिनं त्यांचा हात धरला.

“सर, हा गुण सोन्याचा नाही. आपण एकटक बघत राहिलो, त्याची काजळी आहे.”